घरी जुन्या गाडीचं इंजिन खोलताय? या चुका टाळा

इंजिन जोडताना बिघडतं, असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ते बिघडतं खोलताना, बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी. कळतं मात्र काही महिन्यांनी, सगळं जोडून किल्ली फिरवल्यावर.

चालू इंजिनाची तपासणी न करताच पाना लावणे

इंजिन फिरतंय तोवर त्याच्याकडून माहिती काढून घ्या. गरम इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजून वहीत लिहा. जिथे आकडा कमी येतो तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर दोघांच्या मधली हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्याची शक्यता मोठी. ही दहा मिनिटं वाचवणारे लोक मग व्हॉल्व्हच्या दुखण्यासाठी रिंगा बदलत बसतात.

फोटोंवर भिस्त ठेवणे

फोटो काढाच, पण फोटो ब्रॅकेटची जागा सांगतो. एकसारख्या दिसणाऱ्या आठ टॅपेटपैकी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्यावर टेकणारे छोटे दट्टे) कुठलं कुठल्या भोकातलं, हे तो सांगत नाही. मिनी गाडीतल्या ए-सिरीज इंजिनाची आठही टॅपेट मी एकदा रॉकेलच्या एकाच डब्यात टाकली होती. स्वच्छ, चकचकीत निघाली आणि सगळी निकामी झाली. टॅपेटचा तळ आणि कॅमचा लोब (उंचवटा) एकमेकांशी झिजून जुळलेले असतात. जोड्या फोडल्या की दोघेही एकमेकांना खातात. शेवटी नवा कॅम आणि नवी टॅपेट असा जोडखर्च पदरी पडला. नव्या कॅमवर जुनी टॅपेट चालत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

मेन बेअरिंगच्या (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतो) कॅपांचं आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) कॅपांचं तसंच. त्या जागेवर घट्ट बसवूनच आतली गोलाई कारखान्यात काढलेली असते. अदलाबदल झाली किंवा कॅप उलटी बसली, की ती गोलाई गेली. म्हणून नट सैल करण्याआधी पंचाने ठिपके मारा: पहिल्या रॉडला एक, दुसऱ्याला दोन. रॉड आणि कॅप दोघांवर एकाच बाजूला मारा, पण जोडाच्या सपाट पृष्ठभागावर कधीही नाही. पुशरॉड (टॅपेटवर उभ्या राहणाऱ्या लांब काड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवावेत. गावठी उपाय आहे, पण याहून चांगला मला अजून सापडलेला नाही.

पिस्टन ठोकून बाहेर काढणे

जुन्या बोअरच्या वरच्या कडेला, जिथपर्यंत रिंग पोचत नाही तिथे, न झिजलेली धातूची कड उरते. नखाला ती लागते. ती रीमरने (कड कातणाऱ्या हत्याराने) आधी न काढता पिस्टन वर ढकलला तर रिंग तिथे अडकते आणि पिस्टनचा खाचेलगतचा काठ तुटतो. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवायलाही विसरू नका. उघडे आटे क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) घासले तर पडणारा ओरखडा बेअरिंगला महागात पडतो.

वेट लायनरची (सिलिंडरची सुटी नळी, जिच्या बाहेरून थेट पाणी खेळतं) इंजिनं, उदाहरणार्थ ट्रायम्फ टीआर४ चं, वेगळीच गंमत करतात. हेड काढल्यावर लायनर खाली दाबून धरायला काहीच उरत नाही. क्रँक फिरवला की पिस्टनबरोबर लायनर उचलला जातो आणि तळाचं सील फुटतं. पाणी मग ऑइलमध्ये. हेडच्या स्टडवर पाइपचे तुकडे आणि मोठे वॉशर लावून लायनर दाबून धरा, मगच क्रँकला हात लावा.

होनिंगनंतर नुसत्या रॉकेलने धुणे

रॉकेलने ग्रीस जातं. होनिंगच्या (बोअर घासून बारीक रेघा पाडण्याच्या) दगडाची बारीक पूड मात्र बोअरच्या रेघांमध्ये रुतून राहते आणि नव्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घ्या. ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरवर फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवा. कोरडं होताच पुन्हा ऑइल लावा, नाहीतर बघता बघता तांबूस गंज चढतो. ऑइलच्या वाहिन्यांची टोकाची बुचं काढून आतून ब्रश फिरवा. बुचं परत बसवायला विसरणारेही कमी नाहीत. आणि पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत राहतात.

न मोजता जोडणे

"नवं बेअरिंग आहे, बसेलच" हे वाक्य मनात आलं की थांबा. प्लॅस्टिगेजची बारीक तार कोरड्या जर्नलवर ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा, क्रँक अजिबात न हलवता कॅप काढा आणि चपट्या झालेल्या तारेची रुंदी पट्टीशी ताडून बघा. ढोबळ हिशोब असा: जर्नलच्या दर इंच व्यासामागे सुमारे ०.००१ इंच मोकळीक. रिंगच्या टोकांमधली फट बोअरच्या दर इंचामागे सुमारे ०.००४ इंच, म्हणजे ३ इंचांच्या बोअरला ०.०१२ इंच. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. फट मोजण्याआधी रिंग पिस्टनच्या डोक्याने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा, तिरक्या रिंगची फट खोटी दिसते.

बेअरिंगच्या पाठीला ऑइल लावू नका. पाठ कोरडी आणि स्वच्छ, ऑइल फक्त जर्नलच्या बाजूला. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. तिसरी कॅप आवळताच तो जड झाला तर दोष तिसऱ्यातच आहे. पाचही आवळून मग फिरवणाऱ्याला पाचही पुन्हा उघडाव्या लागतात.

हेडचे बोल्ट लावण्याआधी ब्लॉकमधली बंद तळाची भोकं कोरडी करा. तळाशी राहिलेलं ऑइल दाबलं जात नाही. बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो, आणि टॉर्क रेंच मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो.

पहिल्या स्टार्टची घाई

आधी प्लग काढून, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. प्रेशर येतच नसेल तर पंप कोरडा राहिलाय, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) अडकलाय किंवा ते वाहिनीचं बूच राहिलंय. प्रेशर नसताना इंजिन चालू करून "येईल हळूहळू" म्हणत बसू नका.

स्टार्ट होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात? बहुतेकदा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) अर्धा फेरा चुकलेला असतो. पहिला पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, त्यातला एकच कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकावर बोट ठेवून क्रँक फिरवा. हवा बोटाला ढकलते तो तुमचा स्ट्रोक.

कॅम नवा असेल तर इंजिन लगेच चालू झालं पाहिजे. म्हणून कार्ब्युरेटर आधीच भरा आणि टायमिंग जवळपास जुळवून ठेवा. स्टार्टर मारत राहिलात तर लोबवरचं वंगण पुसलं जातं. चालू झालं की आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, मंद वेगात) सोडू नका. सुमारे २००० ते २५०० आरपीएमवर, वेग थोडा बदलत, वीसेक मिनिटं चालवा. टॅपेटवर ऑइल पुरेसं उडतं ते याच वेगात. या जुन्या सपाट टॅपेटांना झिंक असलेलं ऑइल लागतं.

हे पहिलं ऑइल लवकर बदला आणि फिल्टर टाकून देण्याआधी कापून त्याच्या घड्या उलगडा. करडी बारीक भुकटी चालेल. चकचकीत चपटे कपचे दिसले तर गाडी तशीच उभी ठेवा आणि ऑइल चेंबर उतरवा.