जुन्या जीपच्या रेडिएटरमधील गंज: माझा अनुभव

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्धा मार्गावर माझ्या जुन्या जीपचे इंजिन वारंवार तापू लागले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा तांब्या-पितळेच्या नळ्यांच्या तोंडाशी हिरवट-पांढरी पुटे दिसली. दोष माझाच होता, कारण वर्षानुवर्षे मी कूलंटऐवजी (रेडिएटरसाठीच्या गंजरोधक द्रवाऐवजी) बोअरचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी भरत आलो होतो.

मिस्त्रींनी तेजाबाचा उपाय सुचवला. परंतु त्याने डाखाचे (सोल्डरचे) सांधे आणि आधीच झिजलेल्या नळ्या खाल्ल्या जातील, या भीतीने मी लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) निवडले. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून सुटा रेडिएटर त्यात बुडवला आणि दर अर्ध्या तासाने पाहत राहिलो. आधी बारीक फेस आला, मग पाणी निळसर-हिरवे झाले आणि पुटे बोटानेही निघू लागली. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश घालवून भरपूर पाण्याने धुतले.

थर्मोस्टॅटचे (इंजिनाच्या तापमानानुसार पाण्याचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेचे) झाकण ॲल्युमिनियमचे असल्याने ते मात्र द्रावणात न टाकता नायलॉनच्या ब्रशने घासले. जोडणीनंतर गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी चकती) नवे बसवले आणि कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले.