क्लबच्या खरेदीवर डोकं फिरलंय ना, मग आधी एक वही काढा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, बंद व्हायला दोन तास उरलेत, फोन रिफ्रेश करून करून अंगठा दुखायला लागलाय, लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) हवाय हे शेंबड्या पोरालाही कळतंय आणि क्लब फोटो टाकतो तो चौथ्या विंगरचा (कडेने हल्ला करणाऱ्याचा). मग आपण सगळे तुटून पडतो, मालक कंजूष, मॅनेजर हाकला, सगळं एका दमात. राग खरा असतो, वर्षानुवर्षं जीव लावलाय टीमला, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण क्लबने पैसे काढलेच नाहीत हे एक दुखणं आणि काढले पण भलतीकडेच घातले हे दुसरं, आणि दोन्हीचा जाब वेगवेगळ्या माणसाला विचारावा लागतो. ते कसं ओळखायचं ते सांगतो, मी गेली काही वर्षं हेच करतोय.

सुरुवात पैशापासून करू नका, आधी स्क्वॉड. वहीचं पान आडवं धरा, अकरा जागा मांडा, प्रत्येक जागेखाली तिथे खरंच खेळणाऱ्यांची नावं लिहा आणि नावापुढे तीन गोष्टी: वय, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं, मागच्या सीझनला लीगमध्ये किती मिनिटं खेळला. मिनिटंच घ्या, मॅचेस नको, कारण ८८व्या मिनिटाला उतरलेल्याचीही मॅच मोजली जाते. आणि "तो तिथे पण खेळू शकतो" अशी नावं अजिबात घुसवू नका, निम्मा घोळ तिथेच होतो.

माझ्या टीमचं पान पहिल्यांदा भरलं तेव्हा उजव्या विंगखाली चार नावं बसली, चौघं २१ ते २४ वयाचे, आणि लेफ्ट बॅकखाली एकच नाव, वय ३३, कॉन्ट्रॅक्ट जूनपर्यंत, त्याखाली कोरी जागा. ती कोरी जागा बघूनच पोटात गोळा आला. नोव्हेंबरात त्याची हॅमस्ट्रिंग गेली, मग तिथे एक सेंटर बॅक उभा केला, उजव्या पायाचा, बॉल आला की आधी अंग वळवायचा मग पास बघायचा आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असायचा. आठवड्यामागून आठवडे त्याच बाजूने गोल खाल्ले. आणि त्या उन्हाळ्यात क्लबने पैसे कमी घातले नव्हते, भरपूर घातले होते. म्हणजे तिजोरी बंद नव्हती, यादी चुकीची होती, आणि यादी स्पोर्टिंग डायरेक्टर आणि रिक्रूटमेंटवाले करतात.

कॉन्ट्रॅक्टच्या रकान्यात ज्याच्यापुढे दोन वर्षं किंवा कमी उरलीत त्याच्या वर्षाभोवती वर्तुळ काढा. त्या टप्प्यावर क्लबने एकतर कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाहीतर विकायचं, शेवटच्या वर्षात गेला की किंमत पडते आणि नंतर तो फुकट जातो, १९९५ च्या बोस्मान निकालापासून (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूला फीशिवाय जाऊ देणारा युरोपीय कोर्टाचा निकाल) हे असंच आहे. एम्बापे २०२४ ला पॅरिसहून रेआल माद्रिदला गेला तेव्हा पॅरिसला ट्रान्सफर फी म्हणून काहीच मिळालं नाही. तुमच्या पानावर अशी तीन-चार वर्तुळं दिसली तर तो मात्र रागावण्यासारखाच विषय आहे, कारण हे कुणाला आदल्या रात्री कळत नाही, दोन वर्षं आधीपासून कॅलेंडरवर दिसत असतं.

आता पैसा. पेपरात आलेला आकडा त्या वर्षीचा खर्च नसतो, इथेच आपली सगळ्यांची गल्लत होते. ५ कोटी पाउंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतला तर क्लबच्या हिशोबात दरवर्षी १ कोटी धरतात. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेसला साधारण १० कोटी ६८ लाख पाउंडांना साडेआठ वर्षांसाठी घेतलं ते यासाठीच, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास येतात, पाच वर्षांत वाटले असते तर दोन कोटींच्या वर गेले असते. त्यानंतर आधी युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आणि मग प्रीमियर लीगने नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली.

विकताना हेच गणित उलटं फिरतं आणि ते कळलं की क्लबचं बरंच विचित्र वागणं उलगडतं. तोच ५ कोटींचा खेळाडू, तीन वर्षं झाली, हिशोबात त्याचे २ कोटी शिल्लक. अडीच कोटीला विकला तर आपण म्हणतो निम्म्यात घालवला, पण पुस्तकात ५० लाखांचा नफा लागतो. दीड कोटीची ऑफर आली तर ५० लाखांचा तोटा लगेच दाखवावा लागतो म्हणून क्लब नको म्हणतो आणि तो बेंचवर बसून पगार घेत राहतो. आणि अकॅडमीचा मुलगा विकला तर त्याच्या नावावर ट्रान्सफरचा खर्चच नसतो, त्यामुळे आलेले जवळपास सगळे पैसे नफ्यात. मेसन माउंट २०२३ ला गेला, कॉनर गॅलाघर २०२४ ला गेला, दोघंही चेल्सीच्याच अकॅडमीतले. लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला पोरगा विकला जातो आणि हिशोबाला ते सोयीचं ठरतं, हे मला अजूनही पटत नाही, फॅनचं मन तिथेच सगळ्यात जास्त दुखतं, तिथे आवाज काढायलाच पाहिजे.

पगार तर आपण मोजतच नाही. आठवड्याला २ लाख पाउंड म्हणजे वर्षाला १ कोटी ४ लाख, पाच वर्षांचे ५ कोटी २० लाख, मग तो "फ्री" मध्ये आला असला तरी फुकट कुठे आला? अलेक्सिस सांचेझला मँचेस्टर युनायटेडने जानेवारी २०१८ मध्ये मखितारियानच्या बदल्यात घेतलं, फी काही नाही, पगार मात्र प्रचंड, आणि ४५ मॅचमध्ये ५ गोल. एवढा पगार द्यायला दुसरा कुणी पटकन तयार होत नाही, म्हणून आधी लोनवर पाठवला आणि मग सोडावाच लागला. तुमच्या पानावर बेंचवरच्या मोठ्या पगारवाल्यांसमोर लाल खूण करा, नवीन माणूस का येत नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

नेट स्पेंडवरून (खरेदी वजा विक्री) भांडू नका, म्हणजे एकट्या त्या आकड्यावरून नको. लिव्हरपूलने कुटिन्यो साधारण १४ कोटी २० लाखांना बार्सिलोनाला दिला आणि त्याच वर्षी साडेसात कोटींना फान डायक आणला, उन्हाळ्यात अॅलिसन आणला, म्हणजे पानावरच्या दोन सगळ्यात कच्च्या जागा, सेंटर बॅक आणि गोलकीपर, भरल्या, २०१९ ला चॅम्पियन्स लीग आणि २०२० ला लीग जिंकली. टॉटनहमने २०१३ मध्ये बेल विकून त्या पैशात सात जण घेतले, त्यातला खऱ्या अर्थाने उजवा ठरला तो एरिक्सन आणि त्या सीझनला टीम सहावी आली. स्टार विकून आलेला पैसा दोघांनीही खर्च केला, फरक पडला तो कुठल्या जागेसाठी कोण आणला याने.

मग नियम बघा, कारण "पैसे आहेत तर काढा ना" हे दरवेळी शक्य नसतं. प्रीमियर लीगच्या पीएसआर (क्लबच्या तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या) नियमात तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पाउंड तोटा चालायचा, २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, मग दुसऱ्या केसमध्ये आणखी २ गेले, आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. युएफाच्या स्पर्धांमध्ये पगार, ट्रान्सफरची वार्षिक वाटणी आणि एजंटची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, स्टेडियम आणि अकॅडमीवरचा खर्च पीएसआरमधून वगळलेला असायचा, म्हणजे "नियमामुळे अकॅडमीवर खर्च करता आला नाही" असं कुणी सांगितलं असेल तर ते मान्य करू नका.

तुमची टीम एमएलएसची (अमेरिकेतली लीग) असेल तर हे सगळं गणित वेगळं. तिथे कॉन्ट्रॅक्ट लीगशी होतं, पगाराला बजेट आहे आणि त्याच्या वर जाण्यासाठी तीन डेझिग्नेटेड प्लेअर, म्हणजे बजेटपेक्षा जास्त पगार देता येईल अशा खेळाडूंच्या जागा, २००७ ला बेकहॅम आला तेव्हापासूनची ही वाट. त्यामुळे पहिला प्रश्न किती खर्च केला हा नाही, तिन्ही जागा भरल्यात का आणि त्यातले किती जण मैदानावर दिसतात हा. प्लेअर्स असोसिएशन सगळ्यांचे पगार जाहीर करते, ते घ्या आणि मिनिटांशेजारी लिहा, दहा मिनिटांचं काम आहे.

इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशोब कंपनीज हाउसवर (ब्रिटनमधली कंपन्यांची सरकारी नोंदणी) फुकट मिळतात. सगळा रिपोर्ट वाचायची गरज नाही, चार ओळी शोधा: एकूण उत्पन्न, पगाराचा खर्च, खेळाडूंच्या फीची वार्षिक वाटणी (amortisation) आणि मालकाने दिलेलं कर्ज. पगाराला उत्पन्नाने भागा. ७० टक्क्यांच्या बरंच खाली असेल आणि लेफ्ट बॅकची जागा तरीही कोरी असेल तर मालकाकडे बोट दाखवायला तुम्ही मोकळे. ८०-९० च्या घरात असेल तर पैसा गेलाय, प्रश्न तो कुणावर गेला याचा, म्हणजे पुन्हा यादी करणाऱ्यांचा.

जाब विचारताना शिव्या देऊन काही होत नाही आणि खेळाडूला तर मुळीच देऊ नका, त्या चौथ्या विंगरने स्वतःला विकत घेतलेलं नाही. सपोर्टर्स ट्रस्ट किंवा फॅन फोरमला एकच प्रश्न द्या, पण असा की उत्तर टाळता येणार नाही. "महत्त्वाकांक्षा कुठाय" असं विचारलंत तर गोड भाषण मिळतं. "एकच लेफ्ट बॅक आहे, ३३ वर्षांचा, कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतं, दोन विंडो झाल्या, या जागेसाठी काय ठरवलंय?" असं विचारलं की समोरच्याला त्या जागेबद्दलच बोलावं लागतं. आम्ही हा प्रश्न सलग तीन मीटिंगला लेखी दिला, दोनदा गुळमुळीत उत्तर आलं, तिसऱ्यांदा मान्य केलं की टार्गेट पहिल्या विंडोतच हातचं गेलं होतं आणि दुसरं नावच तयार नव्हतं. वाचून संताप झाला, पण निदान कुणाची चूक ते कळलं.

पान विंडो उघडायच्या आधी भरा, तारीख टाका, कच्च्या जागा तेव्हाच क्रमाने लिहून ठेवा, नंतर आठवणीतनं लिहायला गेलात तर निकाल बघून मत बदलतं. विंडो बंद झाली की त्याच पानावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने आलेले लिहा, गेलेले खोडा. माझं जानेवारीचं पान समोर आहे, लेफ्ट बॅकखाली आता एक नाव निळ्या शाईत आहे, वय २२, आणि सेंट्रल मिडफिल्डखाली दोघांच्या कॉन्ट्रॅक्टच्या वर्षाभोवती वर्तुळं काढलीत.