किनाऱ्यावरच्या सायकल सहलीत साखळी जपण्याची युक्ती

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर महिनाभर निमूट चालणारी साखळी, मार्गदर्शकासोबत अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर अशी किनाऱ्याने चार-पाच दिवसांची सहल निघाली की खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने दुसऱ्याच दिवशी कुरकुरू लागते. सोबतच्या टेम्पोत मेकॅनिक असला, तरी सगळ्यांच्या सायकली पुसायला त्याला सवड नसते. म्हणून मुक्कामी पोहोचताच, अंघोळीच्या आधी, हे काम आपणच उरकावे.

बाटलीत उरलेले गोडे पाणी साखळीवर हळूहळू ओतावे आणि पेडल उलटे फिरवत जुन्या बनियनच्या फडक्याने ती कोरडी करावी. मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि सकाळी निघण्यापूर्वी वरचे तेल पुसून टाकावे, कारण बाहेर राहिलेल्या तेलालाच वाळू चिकटते. (नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.) आगरदांडा ते दिघी फेरीबोटीत सायकलवर खारे पाणी उडाले, तर संध्याकाळची वाट न पाहता धक्क्यावरच ती धुऊन घ्यावी.

तेलाचे बोट डिस्क ब्रेकच्या चकतीला मात्र लागू देऊ नये; उतारावर ब्रेक धरत नाही.