इम्युलेटरमधून लोकल सर्व्हर लागत नाहीये? या चुका टाळा

गंगापूर रोडच्या कॉलेजांमध्ये फायनल इयरच्या प्रोजेक्टची घाई सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. समजा तुमचं लासलगावचे कांद्याचे भाव दाखवणारं अ‍ॅप आहे, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एपीआय (लॅपटॉपवरच्या सर्व्हरमधून डेटा देणारा भाग) मस्त चालतोय, भाव दिसतायत, आणि अँड्रॉइड इम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनमध्ये, स्क्रीन कोरी. मग पोरं रात्रभर कोड उलटापालटा करत बसतात आणि कोडमध्ये बहुतेक वेळा काही चुकलेलंच नसतं, पत्ता चुकलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अ‍ॅपमध्ये लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ टाकणं. इम्युलेटर हा नेटवर्कच्या दृष्टीने वेगळा फोन आहे, स्वतःच्या व्हर्च्युअल राउटरमागे बसलेला, त्यामुळे तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः, तुमचा लॅपटॉप नाही. लॅपटॉपसाठी १०.०.२.२ हा पत्ता राखून ठेवलाय, तोच वापरा आणि पुढे पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो तो नंबर) लावा. जेनीमोशन हा दुसरा इम्युलेटर वापरत असाल तर १०.०.३.२. आयफोनच्या सिम्युलेटरची गोष्ट वेगळी, तो मॅकचंच नेटवर्क वापरतो म्हणून तिथे लोकलहोस्ट चालतं, आणि तिथला कोड जसाच्या तसा इकडे आणला की गोंधळ होतो.

पत्ता बदलूनही चालत नसेल तर आधी एरर नीट वाचा प्लीज. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही. इथे एक बारीक भानगड आहे, नवीन नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) काही डेव्ह सर्व्हर फक्त आयपीव्ही६ (आयपी पत्त्याची नवी पद्धत) च्या लोकलहोस्टवर सुरू होतात आणि १०.०.२.२ तर लॅपटॉपच्या १२७.०.०.१ वर जातो, म्हणून सर्व्हर सुरू करताना होस्ट १२७.०.०.१ असा स्पष्ट द्या. जँगोने (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४०० एरर दिला तर त्याच्या अलाउड होस्ट्स सेटिंगमध्ये १०.०.२.२ टाकायचं राहिलंय. 'क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड' आलं तर अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी डिफॉल्टने बंद असतं, प्रोजेक्टच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका पत्त्याला परवानगी द्या, सरसकट सगळं उघडून ठेवू नका, तीच फाइल पुढे रिलीजमध्ये जाते.

सोपी तपासणी सांगतो: इम्युलेटरमधल्या क्रोममध्ये तोच पत्ता टाका. तिथे उघडला आणि अ‍ॅपमध्ये नाही, तर दोष अ‍ॅपच्या सेटिंगचा. तिथेही नाही उघडला तर सर्व्हर किंवा पत्ता बघा. पिंगच्या भरवशावर राहू नका, इम्युलेटरमध्ये ते नेहमी चालतंच असं नाही.

आता होस्ट्स फाइल, म्हणजे कोणत्या नावाला कोणता आयपी ते लिहिलेली फाइल. आयपीऐवजी नाव हवं असतं म्हणून लोक ही फाइल बदलायला जातात आणि प्ले स्टोअरवाली इमेज (इम्युलेटरची तयार सिस्टिम) घेऊन बसतात, त्यात एडीबी (लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं टूल) वापरून रूट, म्हणजे पूर्ण अधिकार, मिळतच नाही. गूगल एपीआयवाली इमेज घ्या, इम्युलेटर टर्मिनलवरून रायटेबल सिस्टिमचा फ्लॅग लावून सुरू करा, मग एडीबीने रूट, रीमाउंट (सिस्टिम लिहिण्यासाठी उघडणं), आणि फाइल सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमध्ये पुश. दुसऱ्या दिवशी अँड्रॉइड स्टुडिओच्या प्ले बटणावरून सुरू केलं की बदल गायब दिसतात, कारण तो फ्लॅग दरवेळी लागतो. आणि लॅपटॉपच्या फाइलमधली ओळ तशीच कॉपी करू नका, नावासमोर १०.०.२.२ हवं. नाव डॉट टेस्टवर संपणारं ठेवा, डॉट डेव्ह घेतलं तर क्रोम जबरदस्तीने एचटीटीपीएसवर नेतो.

खऱ्या फोनवर डेमो द्यायचा असेल तर १०.०.२.२ विसरा. तिथे लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी लागतो, सर्व्हर ०.०.०.० वर (म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या पत्त्यांवर) ऐकायला हवा आणि विंडोजचा फायरवॉल मध्ये येतो. शिवाय बऱ्याच हॉस्टेल-कॉलेजच्या वायफायवर एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसतच नाही. तेव्हा सरळ यूएसबी केबल लावा आणि एडीबी रिव्हर्सने पोर्ट जोडा, मग फोनवर लोकलहोस्टच चालतं. केबल निघाली की ती जोडणी जाते, त्यामुळे एक्झामिनर टेबलाशी यायच्या आधी कमांड परत एकदा चालवून घ्या.