क्लिअरन्सचा फॉर्म उघडण्याआधी: कुणाला जामीन आहात?

अमेरिकेत संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय, आता क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय कामाच्या सरकारी परवानगीसाठी, एसएफ-86 हा फॉर्म भरायचाय, असं ओळखीतल्या तिघांनी गेल्या महिन्याभरात सांगितलं. तिघांनाही फोनवर तेच तेच सांगितलं, म्हणून एकदाचं लिहून काढतो. माझा पहिला अर्ज कर्जाच्याच पानावर अडकला होता.

कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट काढा. फुकट मिळतात. पण रिपोर्ट स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात गावाकडचं काही दिसत नाही.

आता कागद घ्या आणि लिहा, आपण कुणाकुणाला जामीन आहोत? भाऊ, मेहुणा, चुलतभावाचा ट्रॅक्टर, मित्राचं दुकान. सुट्टीवर गेलो असताना पतसंस्थेत चहा पिता पिता केलेली सहीसुद्धा धरा. फॉर्मच्या सेक्शन 26 मध्ये गेल्या सात वर्षांत वसुलीला गेलेली आणि 120 दिवसांच्या वर थकलेली कर्जं विचारतात. स्वतःच्या कर्जाबरोबर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून अंगावर असलेलीही धरा, असं तिथेच लिहिलेलं आहे. ‘फक्त अमेरिकेतली’ असं कुठेही म्हटलेलं नाही. मी ते वाक्य वाचलं आणि पुढे गेलो. दादाच्या कर्जावरची माझी सही मला आठवलीच नाही.

मुलाखतीत तपासनीसाने सहज विचारलं, भारतात पैसे कशासाठी पाठवता? मी सरळ सांगितलं, भावाचे हप्ते थकले होते, मी जामीन आहे. आणि फॉर्ममध्ये त्याच प्रश्नापुढे ‘नाही’! तिथून प्रकरण कर्जापुरतं राहिलं नाही. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ज्या नियमांवर ठरतं त्यातली गाईडलाइन एफ म्हणजे पैशाचे व्यवहार, त्याच्या जोडीला गाईडलाइन ई लागली, म्हणजे माहिती लपवल्याचा संशय. मुद्दाम लपवलं नाही, विसरलो, हे पटवण्यात महिने गेले. तोवर कंपनीने ती जागा दुसऱ्याला दिली.

जामीन राहिलेलं कर्ज वेळेवर फिटत असेल तर ते या प्रश्नात येत नाही. पण ते वेळेवर फिटतंय हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? ‘चालू आहे रे, काळजी करू नकोस’ हे भावाचं उत्तर पुरावा नाही. पतसंस्थेचा खातेउतारा मागवा. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला असेल तर त्याची प्रत, कर्ज मिटलं असेल तर नो ड्यूज दाखला, आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. मिटलेलंही लिहायचंच, प्रश्न सात वर्षांचा आहे. भावाला वाईट वाटेल म्हणून मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. तरी मागा. भारतीय कायद्यात करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘कर्ज माझं नाही’ हे उत्तर तिथेही चालत नाही, इथेही नाही.

बाकीची कर्जं. किती डॉलरच्या वर कर्ज असलं की नाकारतात, असा आकडा नियमांत नाही. बघतात ते असं: कर्ज का झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, ही कारणं ऐकून घेतात, पण त्या काळात ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी तुम्ही बोलत होतात हे दिसलं पाहिजे. म्हणून पत्रं, ईमेल, हप्त्यांच्या पावत्या तारखेनुसार लावा. आधी हप्ते बंद करा, मग तडजोड करून देतो, असं सांगणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. ना-नफा समुपदेशन संस्था गाठा. कार्ड चार्ज-ऑफ झालं, म्हणजे बँकेने ते बुडीत खात्यात टाकलं, म्हणून कर्ज माफ झालं असं समजू नका. आणि खरंच माफ झालं तर येणारा 1099-सी हा कराचा फॉर्म जपून ठेवा, ती रक्कम बहुधा उत्पन्नात धरली जाते.

कर. एखाद्या वर्षाचं रिटर्न राहिलं असेल तर आधी ते भरा, रिफंड येणार असला तरी. भारतातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरलाय का ते पाहा. आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात येतं.

मुलाखतीला फाइल न्या. काही राहिलं असं लक्षात आलं तर त्यांनी विचारायच्या आत स्वतः सांगा, त्याला वजन असतं.

स्टेटमेंट ऑफ रीझन्स, म्हणजे क्लिअरन्स का नाकारायचा विचार आहे याची कारणं सांगणारं पत्र, आलं तर कंत्राटी कंपन्यांच्या लोकांना उत्तराला 20 दिवस असतात. कागद तेव्हा गोळा करू म्हणाल तर सांगलीहून उतारा यायलाच तेवढे दिवस जातात. ते पत्र आल्यावर धावतपळत भरलेल्या पैशांना फारशी किंमत देत नाहीत.

क्लिअरन्स मिळाल्यावरही तपासणी चालूच राहते, नवीन थकबाकी झाली तर स्वतः कळवा.

दुसऱ्या कंपनीकडून माझा नवा अर्ज भरून तयार आहे. दादाच्या कर्जाचा उतारा या आठवड्यात यायचाय. तो हातात आल्याशिवाय मी फॉर्म पाठवणार नाही.