बडोद्यात भाड्याने देण्यासाठी पहिले घर घेताना

गुंतवणूक म्हणून घर पाहायला आपल्याकडे बहुतेक जण उन्हाळ्यात निघतात. माझे मत असे आहे की बडोद्यातले घर पावसाळ्यात, शक्यतो मोठा पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातील काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी २५ फूट आहे. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा भागांत त्या वेळी घराघरांत पाणी शिरले. दलाल काय सांगतो ते ऐकून घ्यावे, आणि मग गल्लीतल्या किराणा दुकानदाराला पाणी कुठपर्यंत आले होते हे विचारावे. तो हाताने उंची दाखवतो, आणि ती सहसा बरोबर असते.

भाडेकरू कोण असणार हे घर निवडण्याआधी ठरवावे. फतेहगंज आणि प्रतापगंज येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी मिळतात, तर मांजलपूर व मकरपुरा भागांत कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे. विद्यार्थी असल्यास घर सुट्ट्यांत रिकामे राहण्याची शक्यता धरावी लागते. कुटुंब बहुधा अधिक काळ टिकते, आणि पहिल्याच घरासाठी मी कुटुंबालाच पसंती देईन.

त्यानंतर हिशेब कागदावर मांडावा. समजा घराची किंमत ४० लाख रुपये आहे. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे १,९६,००० रुपये, आणि नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे ४०,००० रुपये होते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे केल्यास नोंदणी शुल्क माफ असते. दुरुस्तीला साडेतीन लाख धरले, तर एकूण गुंतवणूक ४५,८६,००० रुपयांवर जाते. महिना ११,००० रुपये भाडे धरून एक महिना घर रिकामे राहिले, तर वर्षाला १,२१,००० रुपये हाती येतात. त्यातून घरवेरा (घरपट्टी), मेन्टेनन्स आणि किरकोळ दुरुस्ती यांचे २९,००० रुपये गेले की ९२,००० रुपये, म्हणजे जेमतेम २ टक्के उरतात. प्राप्तिकर मोजताना भाड्यातून भरलेला घरवेरा वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्क्यांची ठोक वजावट मिळते, हा थोडा दिलासा. मात्र मोठे कर्ज काढून भाड्यातून हप्ता फेडण्याचा विचार या हिशेबात बसत नाही, हे नीट समजून मगच पुढे जावे.

कागदपत्रांत निदान ३० वर्षांचा टायटल सर्च (मालकीहक्काचा तपास) वकिलाकडून करवून घ्यावा, सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), महानगरपालिकेची रजाचिठ्ठी (बांधकाम परवाना) आणि बी. यू. परवानगी (इमारत वापराचा दाखला) पाहावी, आणि बानाखतापूर्वी (विक्रीच्या करारापूर्वी) वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा येथील जुन्या घरांकडे आपल्या मराठी माणसांचा ओढा असतो, कारण आजोळ किंवा आजोबांचा वाडा तिथेच कुठेतरी होता. अशा घरांचे वारस मात्र पुण्या-मुंबईत, कधी परदेशात विखुरलेले असतात, आणि एकाही हिस्सेदाराची सही राहिली तर व्यवहार अनेक वर्षे अडकू शकतो. याशिवाय शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतील मालमत्तेच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा, लागू आहे. तेथे खरेदीखतापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बयाणा देण्यापूर्वीच घर त्या हद्दीत येते का, हे पाहावे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून भरायचा असतो.

दुरुस्तीत पैसा भिंतीच्या आत घालावा, असा आमचा अनुभव आहे. आमच्या पहिल्या टेनामेंटमध्ये (लहान स्वतंत्र घरात) आम्ही प्लायवूडची सुंदर कपाटे केली आणि नळांच्या जुन्या लोखंडी लाइनी तशाच ठेवल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी आले. कपाटे फुगली, आणि वर्षभरात मोरीमागची लाइन फुटून शेजारच्या खोलीचा गिलावा सुटला. आता आम्ही काम वरून खाली करतो: आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग, मग पाइप आणि ड्रेनेज, मग वायरिंग, सर्वांत शेवटी रंग. बाथरूमला टाइल्स बसवण्यापूर्वी जाळीचे तोंड बंद करून २४ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावे. नव्या पाइपांत दाब देऊन गळती तपासल्याखेरीज भिंतीत पाइपांसाठी खोदलेल्या झिऱ्या बुजवू देऊ नयेत, आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना तेच उपयोगी पडतात. वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अवश्य घालावी, कारण त्या घरात दुसऱ्याची मुले राहणार असतात. तळमजल्यावर प्लग आणि मेन बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत, ओट्याखालची फडताळे ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याची करावीत, बाथरूमची दारे पीव्हीसीची बसवावीत. मॉड्युलर किचनने भाडे थोडे वाढते खरे, परंतु बिजागऱ्या आणि ड्रॉवर पहिल्याच भाडेकरूच्या हातून खिळखिळे होतात.

ठेकेदाराशी कामाची यादी, मालाचा दर्जा आणि दर लेखी ठरवावेत, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. चांगला कारागीर या अटीला नाही म्हणत नाही.

भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी बंधनकारक असते. करारावर दोघांच्या सह्या होताच भाडेकरूची माहिती ओळखपत्रासह पोलीस ठाण्यात द्यावी, वीजमीटरचे रीडिंग आणि घरातील वस्तूंची यादी करारालाच जोडावी, आणि घर भाड्याने दिल्यावर घरवेऱ्याच्या आकारणीत फरक पडतो का, हे वॉर्ड कार्यालयात विचारून घ्यावे. पहिल्या पावसाळ्यात, भाडेकरूला आधी कळवून, गच्ची आणि मोरीमागची भिंत एकदा स्वतः जाऊन पाहावी. ठेकेदाराचे राखून ठेवलेले पैसे त्यानंतरच द्यावेत.