गजकर्ण झाल्यास शरीराच्या रक्षक पेशींना साथ कशी द्यावी

पावसाळ्यात मुंबईत जांघेत किंवा कमरेभोवती खाजणारे चट्टे उठले, की बहुतेक जण केमिस्टकडून 'खाजेचे मलम' आणतात. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीनाशकासोबत तीव्र स्टिरॉइडही असते आणि उपचार तिथेच बिघडतो. तो का बिघडतो, हे कळण्यासाठी बुरशी लागल्यावर त्वचेत काय घडते ते आधी समजून घ्यावे.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केराटिनवर जगते. तिथे रक्तवाहिन्या नसल्यामुळे पांढऱ्या पेशींना तिच्यापर्यंत सहज पोहोचता येत नाही. तरीही तिच्या भिंतीतील बीटा-ग्लुकन या शर्करेला आपल्या पेशींवरील डेक्टिन-1 हे प्रथिन ओळखते, त्वचेतील लँगरहान्स पेशी ती वर्दी लसीका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे सज्ज झालेल्या टी-पेशी इंटरल्युकिन-17 हा रासायनिक संदेश सोडू लागतात. त्या संदेशामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्वचेकडे धावतात आणि त्वचा भराभर नव्या पेशी घडवून वरचा थर बुरशीसकट झाडून टाकू लागते. न्यूट्रोफिल लहान बीजाणू गिळून टाकतात. लांब तंतू गिळणे शक्य नसल्यास स्वतःच्या डीएनएचे जाळे पसरून त्यांना अडकवतात. शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी 1884 साली डॅफ्निया या चिमुकल्या पाणकिड्यात रक्षक पेशी आणि रोगजंतू यांची झुंज टिपली, तेव्हा तो रोगही बुरशीचाच होता.

ही झुंज आपल्याला डोळ्यांनी दिसते. चट्ट्याची कडा उंच, लाल आणि खवलेदार असते, मधला भाग मात्र निवळलेला असतो, कारण बुरशी बाहेरच्या दिशेने सरकते आणि पेशी तिथेच तिच्याशी झगडतात. म्हणून तपासणीसाठी खरवड कडेवरूनच घेतली जाते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात त्वचेचे खवले विरघळले, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. तपासणी होईपर्यंत चट्ट्यावर काहीही लावू नये.

स्टिरॉइड ही सारी यंत्रणाच मंदावते. दोन-तीन दिवसांत लाली आणि खाज उतरते, माणूस निश्चिंत होतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. एका वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ दिसू लागले, तर स्टिरॉइड लावले गेल्याची दाट शंका घ्यावी. म्हणून ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एकही नाव असल्यास ते मलम गजकर्णावर लावू नये. ते बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज वाढू शकते. पेशी पुन्हा जाग्या झाल्याचे ते लक्षण असते; तेवढ्यावरून घाबरून जुनी ट्यूब पुन्हा काढू नये, डॉक्टरांना कळवावे.

बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण तंतू दिसणाऱ्या कडेच्याही पुढे गेलेले असू शकतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. भारतात आता टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशीही आढळते, त्यामुळे शेजाऱ्याला गुण आलेली गोळी स्वतःहून सुरू करणे चुकीचे आहे. इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाच्या कॅप्सूल दिल्या असतील, तर त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि अॅसिडिटीचे औषध चालू असल्यास तसे आवर्जून सांगावे, कारण पोटातील आम्ल कमी झाल्यास त्या नीट शोषल्या जात नाहीत.

गर्दीच्या लोकलमधून घामाने भिजून घरी आल्यावर कपडे लगेच बदलावेत आणि जांघा पूर्ण कोरड्या कराव्यात. आठवडाभर ऊन पडत नसेल, तर अंतर्वस्त्रांवर, विशेषतः शिवणींवर, गरम इस्त्री फिरवावी. लहान खोलीत सगळ्यांचा टॉवेल एकच असेल, तर तो आधी वेगळा करावा. घरात आणखी कोणाला चट्टे असल्यास त्यांचेही उपचार त्याच वेळी करावेत, अन्यथा संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो.

मधुमेह असल्यास, चट्टे चेहऱ्यावर किंवा डोक्यात असल्यास किंवा महिन्याभरात उतार न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात.